व्हिटॅमिन डी 34 आलं, तरी मांडीचं हाड मोडलं कसं?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, तेव्हा डोळे मिटत होते म्हणून आज ओपीडी संपवून चहा घेत निवांत लिहायला बसलेय. मी बालरोगतज्ज्ञ आहे, गेली 22 वर्षं सीपीची (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेली) मुलं बघतेय, त्यामुळे जे लिहितेय त्यातलं बरंचसं याच मुलांकडून आणि त्यांच्या आयांकडून शिकलेलं आहे.

आधी तुमचं म्हणणं मला कसं समजलं ते सांगते, चुकलं असेल तर सांगा. मुलगा 8 वर्षांचा, चारही हातपायांत ताठरपणा, आधाराशिवाय बसत नाही, उभा राहत नाही. फिटसाठी फेनिटॉइन आणि व्हॅलप्रोएट लहानपणापासून चालू. गेल्या वर्षी व्हिटॅमिन डी 9 (नॅनोग्रॅम प्रति मिली) आलं, आठवड्याला एक अशी 60 हजार युनिटची 8 सॅशे दिली, परत टेस्ट केली तर 34. सगळे खूश, विषय संपला. आणि आता दहा दिवसांपूर्वी पॅन्ट घालताना कट्‌ असा आवाज आला आणि एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या जरा वर मांडीचं हाड मोडलेलं निघालं. तुम्ही विचारताय की डोस कमी पडला का, आणखी सॅशे द्यायची का, कोणीतरी 6 लाख युनिटचं इंजेक्शन सुचवलंय ते घ्यायचं का, फिजिओ बंद करायची का. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य घाईघाईत टाकलंय, की घरचे म्हणतात तूच जोर लावला असशील.

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण ते मनात असताना बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही.

"गुडघ्याच्या जरा वर" हे वाचलं तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं. न चालणाऱ्या सीपीच्या मुलांचं हाड जिथे सगळ्यात जास्त वेळा मोडतं ती हीच जागा. असं बघा, गुडघा आखडलेला आहे, पूर्ण सरळ होत नाही. पॅन्ट घालताना आपण सवयीने घोटा धरतो आणि पाय लांब करून आत सारतो. सुट्या सांध्याचं मूल असेल तर गुडघा वाकतो, वळतो, जोर तिथेच जिरतो. आखडलेल्या गुडघ्यात तो जिरत नाही, सगळा वरच्या पातळ भागावर जातो आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी पहारीसारखी काम करते, म्हणजे हाताने लावलेला छोटासा जोर तिथे पोचेपर्यंत मोठा होतो. तुम्ही राक्षसासारखी ताकद लावायची गरजच नव्हती. 2002 साली पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये मध्यम ते तीव्र सीपीच्या 117 मुलांचा अभ्यास आला होता, त्यात 77 टक्के मुलांच्या मांडीच्या हाडाची घनता फार कमी निघाली, 9 वर्षांवरची जी मुलं उभीच राहू शकत नव्हती त्यांच्यात तर जवळजवळ सगळ्यांची, आणि 10 वर्षांवरच्या मुलांपैकी 26 टक्के मुलांचं तोपर्यंत कुठलं ना कुठलं हाड मोडून झालेलं होतं. म्हणजे दर चारातलं एक. त्या सगळ्या घरांमधल्या आया काय जोर लावत बसल्या होत्या का? घरच्यांना हा पॅरा वाचून दाखवा. हॉस्पिटलमध्ये मात्र "कसं झालं, कोण होतं" असं दोन-तीनदा विचारतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, बोलता न येणाऱ्या मुलाचं हाड मोडलं की ते विचारणं त्यांचं कामच असतं, जसं घडलं तसं सांगा.

आता मुख्य मुद्दा. लेव्हल नॉर्मल होती तर हाड मोडलं कसं?

ती लेव्हल रक्तातली आहे, हाडातली नाही. व्हिटॅमिन डीचं काम मुख्यतः खाल्लेलं कॅल्शियम आणि फॉस्फरस आतड्यातून आत घेण्याचं. ते कमी असेल तर हाडात क्षार नीट भरत नाहीत, मुडदूस होतो. पण हाड जाड किती करायचं, कुठे भरायचं, हा हुकूम व्हिटॅमिन डी देत नाही, तो हुकूम वजन आणि स्नायूंचा ताण देतो. घराचं बांधकाम काढलंय, सिमेंटची पोती येऊन पडली, वाळू आली, पण गवंडीच कामावर येत नाही, तर स्लॅब पडेल का? तुमच्या मुलाच्या बाबतीत 34 म्हणजे सिमेंट आलं एवढंच. यूलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननी 1892 सालीच हे मांडून ठेवलंय की हाडावर जसा भार पडतो तसं हाड स्वतःला घडवतं. अंतराळवीरांचं उदाहरण तर मी प्रत्येक पालकाला देते, धडधाकट, खाऊनपिऊन मजबूत, व्यायाम करणारी माणसं, पण वजनच नाही तिथे महिन्याला साधारण 1 ते दीड टक्का हाड कंबर-मांडीच्या भागातून कमी होतं. आणि तुमचं लेकरू जन्मापासून त्या पायांवर उभं राहिलेलं नाही. हाडाची लांबी वयाप्रमाणे वाढत गेली पण जाडी आलीच नाही, लांब आणि बारीक, कणसाच्या धाटासारखं.

मग व्हिटॅमिन डी बिनमहत्त्वाचं का? अजिबात नाही. मुळातच बारीक असलेल्या हाडात वर क्षारही कमी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. 9 ही लेव्हल खरंच कमी होती आणि तिच्यावर उपचार झाले ते बरोबरच झालं. फक्त त्या एका आकड्यावर सगळा भरवसा ठेवला गेला, तुम्हीच नाही, आम्ही डॉक्टरही ठेवतो, कारण तो आकडा मोजता येतो, वाढवता येतो आणि वाढला की सगळ्यांना बरं वाटतं.

आकड्यांबद्दल थोडं सांगते, कारण यात फार गोंधळ आहे. आपल्याकडे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स मुलांसाठी 12 च्या खाली कमतरता, 12 ते 20 अपुरं आणि 20 च्या वर पुरेसं असं धरते. लॅबच्या कागदावर मात्र बऱ्याचदा 30 ते 100 नॉर्मल छापलेलं असतं, त्यामुळे 24 आलं की आया रडत येतात. फिटची औषधं चालू असलेल्या न चालणाऱ्या मुलांमध्ये मी स्वतः 30 च्या आसपास ठेवायला बघते, म्हणजे पावसाळ्यात थोडं घसरलं तरी 20 च्या वर राहतं, पण ही माझी पद्धत, नियम नव्हे, दुसरे डॉक्टर वेगळं सांगतील आणि तेही चूक नसेल. आणि लंडनहून कोणी नातेवाईक रिपोर्ट पाठवून तुलना करत असतील तर एकक बघा, आपल्याकडे नॅनोग्रॅममध्ये येतं, तिकडे नॅनोमोलमध्ये, त्याला अडीचने भागायचं. त्यांचं 75 म्हणजे आपलं 30.

तुमच्या प्रश्नात मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. 34 कधीचं? तुमच्या लिहिण्यावरून ते आठवं सॅशे दिल्यावर लगेच केलेलं दिसतंय, म्हणजे त्याला आता सात-आठ महिने झाले. मधल्या काळात रोजचा मेंटेनन्स डोस चालू होता असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. रक्तातलं हे व्हिटॅमिन दोन-तीन आठवड्यांत निम्मं होत जातं, वरून भर पडली नाही तर काही महिन्यांत माणूस होता तिथे परत येतो. त्यात फेनिटॉइन. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही औषधं लिव्हरमधली एन्झाइम्स जोरात कामाला लावतात आणि ती एन्झाइम्स व्हिटॅमिन डी भराभर मोडून टाकतात, गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं. व्हॅलप्रोएट असं मोडत नाही पण हाडांसाठी तेही फारसं चांगलं नाही. त्यामुळे हाड मोडलं त्या दिवशी लेव्हल 34 होती हे आपण फक्त गृहीत धरतोय, माझा अंदाज विचाराल तर 20 च्या खाली असेल. परत टेस्ट करा. नुसती डी नको, सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडाच्या कामाचा अंदाज देणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि जमलं तर पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन). मनगटाचा एक एक्स-रे काढला की मुडदूस आहे का तेही कळतं. फक्त अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आलं तर घाबरू नका, मोडलेलं हाड जुळत असताना ते वाढतंच आणि मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्तच असतं.

हे वाचून उद्या सकाळी फेनिटॉइन बंद करू नका, हात जोडून सांगते. अचानक बंद केलं तर फिट थांबणार नाहीत इतक्या येऊ शकतात, आणि एका जोरदार फिटमध्येही हाड मोडतं. न्यूरॉलॉजिस्टना एवढंच विचारा की हाडाचं असं झालंय, तर हळूहळू दुसऱ्या औषधावर, लेव्हेटिरासिटॅमसारख्या, नेता येईल का. कधी जमतं, कधी जमत नाही. फिट मोठ्या मुश्किलीने आटोक्यात आल्या असतील तर मीसुद्धा औषध न हलवता व्हिटॅमिन डीचाच रोजचा डोस वाढवा म्हणेन.

डोसचं असं आहे. साध्या मुलाला 1 वर्षानंतर रोज 600 युनिट पुरतात. कमतरता असेल तर या वयाला रोज 3,000 ते 6,000 युनिट असं 3 महिने, सोबत रोज निदान 500 मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाईल असं बघायचं आणि मग मेंटेनन्स. फेनिटॉइनसारखी औषधं चालू असली तर मेंटेनन्सला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं, म्हणून माझी बरीच मुलं रोज 1,000 ते 2,000 वर कायमची असतात आणि वर्षातून एकदोनदा लेव्हल बघते. तुमच्या मुलाचा नेमका आकडा मी इथून सांगणार नाही, रिपोर्ट आणि वजन समोर नसताना तो सांगणं बरोबर नाही. सॅशेला माझा विरोध नाही, पण जिथे रोजचं औषध देणं घरात जमतंय तिथे मला रोजचंच आवडतं, आणि फिटची औषधं तर तुम्ही रोज देताच, त्याच वेळेला दुधासोबत द्यायचं, स्निग्ध पदार्थासोबत ते नीट शोषलं जातं.

आणि 6 लाखांचं इंजेक्शन नको. एकदा टोचलं की परत काढता येत नाही, जास्त झालं तर महिनोन्‌महिने शरीरात राहतं. तोंडाने औषध जातंय, पचतंय, तर सुई कशाला?

जास्त झालं तर काय होतं ते मी जवळून बघितलंय म्हणून थोडं लांबण लावते. पाच वर्षांची एक मुलगी, सीपीच, वडील अगदी जीव लावणारे. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं लिहिलं होतं, त्यांनी दुकानातून आणल्यावर रोज एक द्यायला सुरुवात केली, थोडं जास्त गेलं तर हाडं लवकर भरतील म्हणून, आणि कालनिर्णयवर रोज पेननं बरोबरची खूण केलेली. मला तो कागद आणून दाखवला तेव्हा 19 खुणा ओळीने होत्या, एकही दिवस चुकलेला नाही. मुलगी जेवेना, उलट्या, शौचाला होईना, सारखं लघवीला आणि सारखी सुस्त. आता गंमत बघा, सीपीच्या मुलाला बद्धकोष्ठता, उलटी, न जेवणं हे इतकं नेहमीचं असतं की कोणालाच वेगळं वाटलं नाही, आठवडाभर पोटाचंच औषध चालू होतं. रक्तातलं कॅल्शियम केलं तर 14 च्या वर, म्हणजे धोकादायक जास्त. अ‍ॅडमिट, सलाइन, किडनीची सोनोग्राफी, सगळं झालं, वाचली. तेव्हापासून मी चिठ्ठीवर वारच लिहिते, "फक्त रविवारी".

दुसरी फसगत बाटल्यांची. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत 400 किंवा 800 युनिट असतात. 5 मिलीची जी छोटी बाटली येते तिच्यात मात्र आख्खे 60,000, म्हणजे एका मिलीत 12,000. दोन्हीवर डी3 लिहिलेलं, दोन्ही दिसायला गोंडस. "रोज 1 मिली" हे तोंडी सांगितलेलं लक्षात राहिलं आणि दुकानदाराने दुसरी बाटली दिली की झालं. आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

उन्हाबद्दल तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात नेतो. चालू ठेवा, मुलाला बाहेरची हवा, चिमण्या, शेजारपाजारची माणसं मिळतात, पण व्हिटॅमिन डीसाठी म्हणाल तर त्या उन्हाचा उपयोग जवळपास नाही. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोचतात, आपल्याकडे साधारण 11 ते 3. सोपी खूण म्हणजे सावली, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन कामाचं. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. आता दुपारच्या उन्हात मूल घेऊन बसा असं मी एप्रिल-मेमध्ये सांगणार नाही, त्यातून ही मुलं पाणी मागू शकत नाहीत, फिटवरच्या टोपिरामेट, झोनिसामाइडसारख्या औषधांनी तर घामही कमी येतो आणि अंग तापतं. थंडीत हातपाय उघडे, डोक्यावर टोपी, 15-20 मिनिटं, एवढं जमलं तर उत्तम. पावसाळ्यात ऊनच नाही. म्हणून उन्हाला मी बोनस धरते आणि औषध ठेवतेच.

कॅल्शियमकडे कोणी बघत नाही. मी नेहमी विचारते की काल दिवसभरात नेमकं पोटात किती गेलं, वाढलं किती ते नको. या मुलांचं जेवण म्हणजे पाऊण तास भरवायचं आणि त्यातलं निम्मं लाळेरावर. 7 ते 9 वयाला रोज 650 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 200 मिली दुधात साधारण 240 येतं, पण पाणी घातलेलं नसेल तर, आणि आपल्याकडे "पचणार नाही" म्हणून निम्मं पाणी घालायची पद्धत जुनी. 100 ग्रॅम नाचणीत 360 च्या आसपास असतं, पण मूल एका वेळेला खातं ते 25-30 ग्रॅम पिठाचं, म्हणजे शंभरेक मिलिग्रॅम, त्यातलंही सगळं शोषलं जात नाही, मोड आणून दळलं तर जरा जास्त. म्हणून नुसत्या नाचणीवर विसंबू नका, नाचणीची खीर दुधातच करा, वर चमचाभर भाजलेल्या तिळाची बारीक पूड आणि तूप. दोन्ही वेळेला दही. गिळायला त्रास असेल तर दाटपणा तुमच्या थेरपिस्टना विचारून ठरवा, पातळ दूध श्वासनलिकेत जायची भीती असते. यातून भरत नसेल तर कॅल्शियमचं सिरप, जेवणासोबत, त्याने शौचाला घट्ट होतं हे आधीच सांगून ठेवते. आणि वजन. मूल काडीसारखं असेल तर हाडही काडीसारखंच राहणार, प्रोटीन आणि कॅलरी पुरेशा गेल्याशिवाय हाड बांधायला माल येणार कुठून?

आता गवंडी. म्हणजे फिजिओ. बंद करायची नाही, बदलायची. प्लास्टर आहे तोवर तो पाय ऑर्थोपेडिक सर्जन सांगतील तसाच, पण बाकीचं अंग, मान, हात, बसणं चालू ठेवा. कारण मोडलं की प्लास्टर, प्लास्टरमध्ये हाड आणखी विरळ होतं, प्लास्टर काढल्यावर सांधा आणखी आखडलेला, आणि मग दुसरं हाड मोडतं, हे चक्र मी खूपदा पाहिलंय. म्हणूनच सर्जन शक्यतो हलकं प्लास्टर किंवा स्प्लिंट, आणि जमेल तितके कमी आठवडे, असं बघतात. प्लास्टर निघाल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. त्या काळात कोणी गुडघा जोर लावून सरळ करायला लागलं तर हात धरून थांबवा, मग ते कितीही अनुभवी असोत.

नंतर उभं करणं. स्टँडिंग फ्रेममध्ये (मुलाला आधार देऊन उभं ठेवणारी चौकट) आठवड्यातले 5 दिवस, रोज 60 ते 90 मिनिटं, हाडासाठी साधारण एवढं लागतं असं धरतात. एकदम नाही, 10 मिनिटांपासून सुरू करून, दोन-तीन वेळांत विभागून. त्याआधी खुब्यांचा एक्स-रे हवा, न चालणाऱ्या मुलांचे खुबे हळूहळू निखळत असतात आणि कळतही नाही. उभं करून किती फायदा होतो हेही खरं सांगते. इंग्लंडमध्ये 26 मुलांवर एक चाचणी झाली होती, 2004 साली छापून आली, उभं राहण्याचा वेळ दीडपट केला तर मणक्याच्या हाडाची घनता 6 टक्क्यांनी वाढली पण पायाच्या नळीत फरक पडला नाही. म्हणजे चमत्कार नाही. तरी मी आग्रह धरते, कारण उभं राहिलेल्या मुलाचं पोट साफ होतं, सांधे कमी आखडतात, आणि आठ वर्षांचं पोरगं पहिल्यांदा घरातल्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बघतं तेव्हा आजीचा चेहरा बघण्यासारखा असतो. महागडी फ्रेम नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून मापं घेऊन गावच्या सुताराकडून केलेल्या फ्रेम्सही माझ्या मुलांनी वर्षानुवर्षं वापरल्यात.

कपडे घालायची पद्धत मात्र आजपासून बदला. घोटा धरून पाय ओढायचा नाही. एक तळहात गुडघ्याखाली, दुसरा पोटरीखाली, आधी मांडी पोटाकडे वाकवायची म्हणजे ताठरपणा सुटतो, मग आपला हात पॅन्टच्या खालच्या तोंडातून आत घालून त्याचं पाऊल धरून पॅन्ट वर सरकवायची, पाय आत ढकलायचा नाही. जास्त ताठर पाय आधी घालायचा आणि काढताना शेवटी. बाजूला वेल्क्रो लावलेल्या सैल पॅन्ट शिवून घ्या, शिंप्याला अर्ध्या तासाचं काम. मूल ताठलेलं असेल, रडत असेल तर दोन मिनिटं थांबा. आणि आता आठ वर्षांचा आहे, उचलायला दोघं लागणार, बगलेत धरून एकट्याने उचलायचे दिवस संपले.

एक माझी स्वतःची चूक सांगते. बारा वर्षांची मुलगी, बोलता येत नाही, तीन दिवस डायपर बदलताना किंचाळते म्हणून आणली. मी पोट तपासलं, कडक लागलं, बद्धकोष्ठता म्हणून औषध दिलं. चौथ्या दिवशी आई परत आली, म्हणाली मॅडम पोटाचं नाही हो, डावा पाय हलवला की रडते. गुडघ्याच्या वर हलकीशी सूज आणि हाताला गरम, काळंनिळं काही नाही. एक्स-रेत फ्रॅक्चर. त्या आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मी नीट विचारलं नव्हतं. तेव्हापासून कारण नसताना रडणाऱ्या न बोलणाऱ्या मुलाचे मी डोक्यापासून पायापर्यंत एकेक हाड हलक्या हाताने चाचपते. तुमचा मुलगाही बोलत नाही, म्हणून नेहमीपेक्षा वेगळं रडणं, एक पाय कमी हलवणं, सूज, एवढं दिसलं तरी एक्स-रे मागून घ्या.

राहिलं डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजणारी तपासणी) आणि हाडाच्या औषधांचं. डेक्सा करायचाच असेल तर लहान मुलांचे स्कॅन वाचणाऱ्या सेंटरमध्ये करा. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर लिहून आला तर तो मोठ्यांचा हिशोब आहे, मुलांना झेड-स्कोअर लागतो, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी तुलना, तीही उंचीचा विचार करून, कारण बुटक्या मुलाचं हाड यंत्राला उगाच विरळ दिसतं. आखडलेल्या किंवा प्लेट-स्क्रू घातलेल्या मुलांत खुब्याचा स्कॅन नीट येत नाही, तेव्हा मांडीच्या हाडाचा गुडघ्याजवळचा भाग बाजूने मोजतात, पण ती सोय सगळीकडे मिळत नाही. नाही झाला तरी अडत नाही, तुमच्या मुलाचं हाड पॅन्ट घालताना मोडलं यातच ते किती विरळ आहे हे कळलंय. त्यापेक्षा मी पाठीच्या मणक्यांचा बाजूने एक साधा एक्स-रे काढायला सांगेन. या मुलांचे मणके न कळत दबलेले असू शकतात, आणि तसं काही निघालं तर पुढचा निर्णय बदलतो.

तो निर्णय म्हणजे पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट. ही शिरेतून सलाइनसारखी द्यायची औषधं, हाड झिजवणाऱ्या पेशींना लगाम घालतात. थोड्याशा धक्क्याने हाड मोडलेल्या सीपीच्या मुलांत त्यांचा विचार करतात, नुसता स्कॅन वाईट आला म्हणून नाही. पुस्तकातली व्याख्या काटेकोर लावली तर 10 वर्षांच्या आत लांब हाडांची दोन फ्रॅक्चर्स लागतात किंवा एक दबलेला मणका, पण न चालणाऱ्या मुलात दुसऱ्याची वाट बघायची का यावर आमच्यातच वाद होतात. मी पालकांशी बसून ठरवते. एवढं मात्र नक्की, की व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम आधी भरून घेतल्याशिवाय ते द्यायचं नाही, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं आणि त्यानेही फिट येते. पहिल्या डोसनंतर एकदोन दिवस ताप, अंगदुखी येते, ते आधी सांगितलं नाही तर लोक घाबरून दुसरा डोस घेतच नाहीत. दातांचं काही काम राहिलं असेल तर ते आधी उरकून घ्या. यासाठी मुलांच्या हार्मोन्सचे किंवा हाडांचे डॉक्टर गाठा, हे गल्लीतल्या दवाखान्यात करायचं काम नव्हे.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत पण अंदाज आहे. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव घाला, वर्षाला 1 लाखापर्यंतचं कवच मिळतं आणि त्यात ओपीडी, तपासण्या, थेरपीलाही काही रक्कम असते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रातही (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) विचारून बघा.

तर क्रम असा धरा: आत्ता रक्ततपासणी आणि मणक्याचा एक्स-रे, त्यावरून डी आणि कॅल्शियमचा डोस, प्लास्टर निघेपर्यंत पाय सांभाळणं, मग हळूहळू उभं करणं, आणि पॅमिड्रोनेटचं तोवर बोलून ठरवणं.

आणि एक करा. मागच्या वर्षीची सॅशे घरात उरलीत का ते बघा. असतील तर रिपोर्ट येईपर्यंत एकही देऊ नका, आजींच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा, आणि शेवटचं नेमकं कुठल्या महिन्यात दिलं ते आठवत असेल तर इथे खाली लिहा, म्हणजे त्या 34 चा हिशोब आपल्याला लावता येईल.